माशाच्या कानातला खडा काय सांगतो?

तुमच्यापैकी जे कोकणात राहतात त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. घोळ किंवा ढोमा हा मासा साफ करताना त्याच्या डोक्यातून दोन पांढरे, गुळगुळीत खडे निघतात. लहान मुले ते खेळायलाही घेतात. हे खडे येतात तरी कुठून? माशाने वाळूबरोबर गिळलेले असतात का? छे! ते असतात माशाच्या कानात.

"माशाला कान?" तुम्ही विचाराल. होय, माशालाही कान असतात. आपल्यासारखी बाहेरची पाळी नसते एवढेच. कवटीच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना त्याचे अंतर्कर्ण असतात आणि प्रत्येक कानात तीन-तीन खडे असतात. मासा तिरका झाला की खडा किंचित सरकतो आणि तोल गेल्याची वर्दी मेंदूला मिळते. पाण्यातले आवाज ऐकायलाही हेच खडे उपयोगी पडतात. शास्त्रज्ञ या खड्याला 'कर्णाश्म' म्हणतात. अश्म म्हणजे दगड.

कर्णाश्म बनतो कॅल्शियम कार्बोनेटाचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या चुनखडीचाच. मासा वाढतो तसतसे त्यावर थरावर थर चढत जातात. झाडाचे खोड आडवे कापल्यावर दिसणारी वलये तुम्ही पाहिली असतील, तशीच वलये कर्णाश्मातही असतात. घोळीचा खडा मिळाला तर मोठ्यांच्या मदतीने त्याचे दोन तुकडे करा, तुटलेली बाजू बारीक पॉलिश पेपरवर पाण्याबरोबर घासा आणि भिंगातून पाहा. मधोमध असते माशाचे बालपण आणि कडेला त्याचे अखेरचे दिवस.

एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. आपली हाडे सतत थोडी झिजतात आणि पुन्हा भरून निघतात. कर्णाश्माचे तसे नाही. एकदा चढलेला थर माशाच्या मरणापर्यंत तसाच राहतो. म्हणजे ही एक रोजनिशीच झाली आणि तिच्यातले पान फाडता येत नाही! दक्षिण अमेरिकेतल्या एका माशाची अशीच रोजनिशी शास्त्रज्ञांनी वाचली. तिने जुने कोडे तर सोडवलेच, शिवाय एका मोठ्या संकटाची सूचनाही दिली. आज तीच हकिकत पाहू.

सोनेरी दोरादा

आपल्या नद्यांमध्ये शिंगाळा, शिंगटी, मांगूर असे मासे सापडतात. त्यांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती मांजरासारख्या लांब मिशा असतात. म्हणून या गटाला मार्जारमीन म्हणतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच. तिथे या मिशा आंधळ्याच्या काठीसारख्या चाचपत जातात, आणि चवही घेतात. जगात मार्जारमीनांच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मध्य आणि दक्षिण अमेरिकेत राहतात.

त्यांतलाच एक दोरादा. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ 'सोनेरी'. डोके चांदीच्या भांड्यासारखे चकचकीत आणि अंग सोनेरी, असे त्याचे रूप आहे. तो दीड मीटरहून लांब वाढतो, म्हणजे तुमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांपेक्षा मोठा! तो ॲमेझॉन नदीच्या खोल, गढूळ प्रवाहात राहतो आणि इतर मासे मारून खातो. त्याचे शास्त्रीय नाव आहे ब्रॅकिप्लॅटिस्टोमा रूसोक्सी.

हे नाव जड वाटले ना? पण त्याचा आपल्या दख्खनशी जुना संबंध आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचा अभ्यास केला आणि १८३९ साली आपल्या शिंगाळ्याला 'प्लॅटिस्टोमा सींघाला' असे नाव दिले. प्लॅटिस्टोमा म्हणजे चपट्या तोंडाचा. पुढे कळले की शिंगाळा निराळ्या वंशातला आहे, तेव्हा त्याचे नाव बदलले. ॲमेझॉनच्या माशाच्या नावात मात्र तो शब्द अजून टिकून आहे.

पिल्ले एकीकडे, आईबाप दुसरीकडे

ॲमेझॉन किती मोठी आहे? जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढे गोडे पाणी ओततात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या ॲमेझॉनचा असतो. तिचा उगम पश्चिमेला अँडीज पर्वतात होतो आणि ती पूर्वेला ब्राझीलमध्ये अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या मुखाजवळ बेलेम हे शहर आहे.

१९७० च्या दशकात मायकेल गोल्डिंग हे अमेरिकन शास्त्रज्ञ मदेइरा नदीवर कोळ्यांबरोबर हिंडत होते. मदेइरा ही ॲमेझॉनची सर्वांत मोठी उपनदी. मदेइरा म्हणजे लाकूड. पुरात झाडांचे ओंडके वाहून आणते म्हणून हे नाव. तिथे कोळ्यांच्या जाळ्यात दोरादा भरपूर येत. पण सगळे मोठे! लहान पिल्लू औषधालाही सापडेना.

इकडे बेलेमच्या एमिलियो गोएल्दी संग्रहालयातले रोनाल्दो बार्थेम नदीच्या मुखाजवळच्या मासेमारीचा अभ्यास करीत होते. त्यांना नेमके उलटे दिसले. तिथे अर्धवट वाढलेले मासे होते, पण पोटात पिकलेली अंडी असलेली मादी मात्र मिळत नव्हती.

पिल्ले नदीच्या एका टोकाला आणि आईबाप दुसऱ्या टोकाला. मग ही दोन टोके जोडायची कशी? दोघांनी मिळून तर्क केला. दोरादा अँडीजच्या पायथ्याशी अंडी घालत असावा. अंड्यांतून निघालेले इवलेसे डिंभ प्रवाहाबरोबर वाहत सगळे खंड ओलांडून मुखाशी येत असावेत. तिथल्या गाळाने समृद्ध पाण्यात दोन-तीन वर्षे वाढून ते उलट्या प्रवाहाने पुन्हा डोंगराकडे जात असावेत. १९९७ साली त्यांनी हे सारे एका पुस्तकात मांडले.

तर्क सुंदर होता. पण विज्ञानात तर्काला पुरावा लागतो. पुढे अनेकांनी अनेक वर्षे अँडीजच्या पायथ्याच्या नद्यांत बारीक जाळ्या लावून वाहणारे डिंभ गोळा केले. कोठे पिकलेल्या माद्या मिळतात आणि कोठे पिल्ले, याचे नकाशे केले. २०१७ साली बार्थेम, गोल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारी माहिती एकत्र करून हिशेब प्रसिद्ध केला. जाणे-येणे धरून प्रवास होतो सुमारे ११,६०० किलोमीटरपर्यंत! सगळे आयुष्य गोड्या पाण्यात काढणाऱ्या माशांमध्ये याहून लांबचा प्रवास कोणाचाच माहीत नाही. मुंबई ते नागपूर रेल्वेचे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. दोरादाची एकेरी वाट त्याच्या जवळजवळ सातपट भरते, आणि परतीची सारी वाट प्रवाहाविरुद्ध!

पाण्यावर खडकाची सही

तरीही एक प्रश्न उरतोच. जो डिंभ डोंगराखालून वाहत गेला, तोच मोठा होऊन परत आला हे कशावरून? मोहरीएवढ्या जिवाच्या पाठीवर खूण बांधून सोडता येत नाही. इथे कर्णाश्म मदतीला धावून आला.

त्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहू. आवर्त सारणीत कॅल्शियमच्या बरोबर खाली स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य आहे. एकाच स्तंभातले असल्यामुळे दोघांचे गुणधर्म मिळतेजुळते. म्हणून कर्णाश्म बनताना कॅल्शियमच्या रांगेत थोडे स्ट्रॉन्शियमही घुसते. हे स्ट्रॉन्शियम येते नदीच्या पाण्यातून, आणि पाण्यात येते खडकांतून.

आता मौज पाहा. स्ट्रॉन्शियमचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. काहींचा अणुभार ८६, काहींचा ८७. अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात. खडकात रुबिडियम नावाचे मूलद्रव्य असते. त्याचा एक किरणोत्सर्गी प्रकार अतिशय मंद गतीने स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलत राहतो. किती मंद? निम्मे रुबिडियम बदलायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात! म्हणजे खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितके अधिक, तितके त्यातले स्ट्रॉन्शियम-८७ चे प्रमाण अधिक. प्रत्येक नदी वेगवेगळ्या खडकांवरून वाहत येते. म्हणून ८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर नदीगणिक बदलते. पाण्यावर खडकाने केलेली ही सहीच म्हणा ना.

पेरूकडून येणाऱ्या ॲमेझॉनच्या वरच्या प्रवाहात हे गुणोत्तर ०.७०९ च्या आसपास असते. मदेइरा बोलिव्हियातल्या फार जुन्या खडकांचे पाणी आणते. तिथे ते ०.७१७ च्या आसपास भरते. सगळी पाणी एकत्र मिसळल्यावर खालच्या ॲमेझॉनमध्ये ते ०.७११ च्या जवळपास येते. फरक आहे दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यात. पण आजची उपकरणे तो सहज पकडतात.

सांगा पाहू, हा मासा कुठला?

फ्रान्सच्या विकास संशोधन संस्थेतले फाब्रिस द्युपाँशेल आणि त्यांच्या ब्राझील, बोलिव्हिया, पेरू इथल्या सहकाऱ्यांनी ही युक्ती वापरली. अंडी घालण्याच्या जागांजवळ पकडलेल्या मोठ्या दोरादांचे कर्णाश्म त्यांनी काढले. हे खडे असतात जेमतेम काही मिलिमीटरचे. त्यांची पातळ चकती कापून तिच्यावर केंद्रापासून कडेपर्यंत लेसरचा किरण फिरवला. किरण पडेल तिथला कणभर भाग उडतो. तो वस्तुमान वर्णपटमापक या यंत्रात गेला, की तिथले गुणोत्तर मिळते. अशा रीतीने जन्मापासून अखेरपर्यंतचे एकेक पान वाचता येते.

आता तुम्हीच शास्त्रज्ञ व्हा. समजा, एका कर्णाश्माच्या केंद्राशी ०.७१७ मिळाले, मधल्या रुंद पट्ट्यात ०.७११ आणि कडेला पुन्हा ०.७१७. हा मासा जन्मला कुठे, वाढला कुठे आणि शेवटी गेला कुठे? पुढचे वाचण्याआधी क्षणभर थांबून वरची गुणोत्तरे पुन्हा पाहा.

जमले ना? मासा मदेइराच्या पाण्यात जन्मला, खालच्या ॲमेझॉनमध्ये वाढला आणि पुन्हा मदेइरातच परतला. केंद्राशी ०.७०९, मध्ये ०.७११ आणि कडेला ०.७०९ असते तर? मग तो पेरूकडचा, आणि तोही घरी परतलेला.

२०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. पहिली, गोल्डिंग आणि बार्थेम यांचा तर्क बरोबर होता. सगळेच मासे बालपणी अगदी मुखापर्यंत जात नाहीत, पण खाली जाऊन वाढायचे आणि मग वर यायचे, हा क्रम खरा ठरला. दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची होती. बहुतेक मासे कोणत्याही उपनदीत न शिरता ज्या उपनदीत जन्मले तिथेच परतले होते.

याचा अर्थ काय, विचार करा. मुखाकडून वर येणाऱ्या माशाला वाटेत कितीतरी नद्यांची तोंडे लागतात. समुद्रापासून हजार किलोमीटरहून अधिक आत आल्यावर डाव्या हाताला मदेइरा लागते. पेरूचा मासा तिथून सरळ पुढे जातो आणि मदेइराचा मासा डावीकडे वळतो. त्याने हे वळण याआधी एकदाच ओलांडलेले असते, आणि तेही काही दिवसांचा डिंभ असताना, प्रवाहात वाहत जाताना! सामन मासा पाण्याच्या वासावरून आपली नदी ओळखतो. दोरादा नेमका कशावरून ओळखतो, हे कोडे अजून सुटायचे आहे. कदाचित तुमच्यापैकीच कोणी ते सोडवील.

वाटेतल्या दोन भिंती

आता संकटाकडे वळू. ब्राझीलमध्ये मदेइरा नदीवर पोर्तो वेल्हो शहराजवळ सांतो अंतोनिओ हे धरण झाले आणि त्याच्या वरच्या अंगाला जिराऊ. सांतो अंतोनिओमध्ये २०१२ साली वीज निर्माण होऊ लागली, जिराऊमध्ये २०१३ साली. दोन्ही मिळून वीजक्षमता ७,३०० मेगावॉटहून अधिक आहे. ही वीज कारखान्यांना लागते, दवाखान्यांना लागते, आपल्यासारख्यांच्या घरांनाही लागते. धरण बांधणारे सगळे वाईट लोक, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

पण दोरादाच्या बाजूने पाहा. याच टापूत तिओतोनिओ नावाचा खळाळता धबधबा होता. खडकांतून उसळी घेत वर जाणारे दोरादा कोळी तिथे पकडीत. सांतो अंतोनिओचा जलाशय भरला आणि धबधबा पाण्याखाली गेला. माशांना वर जाता यावे म्हणून धरणाला कृत्रिम वाट ठेवली होती, पण मोठ्या मार्जारमीनांना ती फारशी मानवली नाही. अशा वाटांची कल्पना मुळात सामनसारख्या उड्या मारणाऱ्या माशांवरून आलेली. दोरादा चालतो नदीच्या खोल तळाशी.

अडचण फक्त वर जाणाऱ्यांची नाही. खाली वाहत येणाऱ्या डिंभांना वाहते पाणी हवे असते. तेच त्यांचे वाहन. जलाशयात पाणी मंदावले की वाहनच थांबते. डिंभ तळाशी बसण्याची किंवा दुसऱ्या माशांच्या तोंडी पडण्याची भीती असते.

धरणे झाल्यावर बोलिव्हियातल्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारा दोरादा खूपच घटल्याचे २०१९ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. हे कोळी ब्राझीलच्या सरहद्दीपलीकडचे, धरणांपासून शेकडो किलोमीटर दूर. धरण त्यांच्या देशात नाही, त्याची वीजही प्रामुख्याने त्यांच्यासाठी नाही. तरी त्यांचे जाळे हलके झाले.

"मदेइरा अडली तर अडू दे. पेरूकडच्या नद्या मोकळ्या आहेत. तिकडचे दोरादा येतील की," असे कोणी म्हणेल. कर्णाश्माने याचेच उत्तर दिले आहे. पेरूचा मासा मदेइरात वळत नाही. प्रत्येक उपनदीचे मासे हे एक निराळे घराणे आहे. मदेइराचे घराणे तुटले, तर शेजारच्यांकडून ते भरून काढण्याची आशा फार थोडी.

पाच देशांचा एक मासा

एका दोरादाच्या आयुष्यात किती सरहद्दी येतात ते नकाशावर बोट फिरवून पाहा. ब्राझील, बोलिव्हिया, पेरू, कोलंबिया, इक्वाडोर या पाचही देशांतल्या नद्यांत हा मासा आहे. मुखाशी पिल्लेच फार पकडली, तर वर येणार कोण? वर डोंगरपायथ्याला नद्या अडवल्या, तर अंडी घालायची कुठे? मध्येच भिंत उभी राहिली, तर ही दोन टोके जुळायची कशी? कोणत्याही एका देशाने एकट्याने कितीही चांगले कायदे केले, तरी दोरादा वाचत नाही.

म्हणून २०२४ सालच्या फेब्रुवारीत एक महत्त्वाचे पाऊल पडले. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी १९७९ साली बॉन शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. आपला भारतही त्यात आहे. २०२० साली या कराराच्या सभासद देशांची परिषद गुजरातमध्ये गांधीनगरला भरली होती. त्यानंतरची परिषद उझबेकिस्तानातल्या समरकंदला झाली. तिथे ब्राझीलच्या सूचनेवरून दोरादा आणि त्याचा भाऊबंद पिरामुताबा या दोघांची नावे कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आली. या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी संबंधित देशांनी मिळून योजना आखाव्या अशी अपेक्षा असते.

नाव यादीत घातल्याने भिंत हलत नाही, हे खरे. पण पुढे काय करायचे ते ठरवायला आधार मिळतो. कोणत्या उपनद्या मोकळ्या ठेवायच्या, धरण बांधायचेच तर कोठे, किती लांबीपेक्षा लहान मासा पकडायचा नाही, तळाने चालणाऱ्या माशाला कशी वाट हवी, हे प्रश्न आता पाची देशांनी एकत्र बसून सोडवायचे आहेत. त्यांच्या हातात आज जी माहिती आहे, ती गोल्डिंग आणि बार्थेम यांच्या वेळी नव्हती.

पुढच्या काही वर्षांत शास्त्रज्ञ आणखी कर्णाश्म कापतील. त्यांत सांतो अंतोनिओचा जलाशय भरल्यानंतर जन्मलेल्या दोरादांचेही असतील. काहींच्या केंद्राशी मदेइराची सही असेल आणि मधल्या पट्ट्यात खालच्या ॲमेझॉनची. पण कडेच्या अखेरच्या वलयात कोणत्या पाण्याची सही उमटलेली असेल? मदेइराची की नाही? मासा आपल्या परीने पोहतोच आहे. शेवटचे पान कसे भरायचे, हे मात्र आता माणसाच्या हातात आहे.